गोळा, थाळी, हातोडा, भाला: फेकीच्या विज्ञानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि शनिवारी सकाळी मैदानावर टेप धरायला गेलो, त्यामुळे हे प्रश्न दोन्हीकडून येत राहिले. मुलांचे, पालकांचे, पीटीच्या सरांचे. नीरज चोप्राची स्पर्धा टीव्हीवर झाली की आठवडाभर भाल्याचेच. वरचेवर येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. फेक लांब जायला नेमकं काय लागतं? ताकद, उंची की कोन?

वस्तू हातातून सुटते त्या क्षणी तीन गोष्टी ठरतात: तिचा वेग, जमिनीशी असलेला कोन आणि सुटण्याची उंची. त्यानंतर खेळाडूच्या हातात अक्षरशः काही उरत नाही. थाळी आणि भाल्याच्या बाबतीत हवा हा चौथा भिडू येतो (प्रश्न 9).

पण या तिघांचं वजन सारखं नाही. समजा, एखाद्या मुलाचा गोळा 1.8 मीटर उंचीवरून, 40 अंशांत, सेकंदाला 9 मीटर वेगाने सुटला. तो साधारण 9.9 मीटरवर पडेल. आता एका वेळी एकच गोष्ट बदलू. सुटण्याची उंची 10 सेंटीमीटर वाढवली तर फायदा जेमतेम 8 सेंटीमीटरचा. कोन 40 वरून 35 वर आणला तर तोटा 10 सेंटीमीटरचा. आणि वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर गोळा साडेअकरा मीटरच्याही पुढे, म्हणजे पावणेदोन मीटरचा फायदा! अंतर साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्याचा हा परिणाम. मैदानावर मात्र सगळी चर्चा कोनाची चालते, कारण कोन डोळ्यांना दिसतो आणि वेग दिसत नाही.

2. पुस्तकात तर 45 अंशांत सर्वांत लांब जातं असं आहे. मग मोठे खेळाडू 45 अंशांत का फेकत नाहीत?

पुस्तक चुकीचं नाही, त्याची अट मात्र आपण विसरतो. वस्तू जिथून निघाली त्याच पातळीवर पडली तरच 45. गोळा सुटतो खांद्याच्या वरून आणि पडतो जमिनीवर. 2.2 मीटर उंचीवरून सेकंदाला 14 मीटर वेगाने सुटणाऱ्या गोळ्यासाठी गणित केलं तर उत्तम कोन 42 च्या आसपास येतो.

तरीही अव्वल गोळाफेकपटूंचे कोन बहुतेक वेळा 40 च्या खाली, 35 ते 38 मध्ये सापडतात. कारण गणित वेग कायम धरतं आणि शरीर तसं वागत नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या कुणालाही विचारा, बाकावर आडवं पडून जितकं वजन ढकलता येतं तितकं उभं राहून डोक्यावर ढकलता येत नाही. गोळा जितका चढा ढकलाल तितका जोर कमी लावता येतो आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जास्त खर्च होतो. कोन वाढला की वेग पडतो.

आकड्यांत बघू. वेग 14 च ठेवून 42 अंशांत गोळा 22.07 मीटर जातो आणि 37 अंशांत 21.78 मीटर. तोटा 29 सेंटीमीटरचा. पण कोन खाली आणल्यामुळे वेग सेकंदाला फक्त 0.1 मीटरने वाढला, तरी हा तोटा भरून निघतो. त्याहून जास्त वाढला तर निव्वळ नफा.

3. म्हणजे शाळेतल्या मुलांना कोन शिकवायचाच नाही?

शिकवायचा, पण वेगळ्या कारणासाठी. नवीन मुलं बहुधा फारच सपाट फेकतात. 20-25 अंशांत गोळा गेला तर तोटा खरंच मोठा असतो. दोन बांबू रोवून त्यांना दोरी बांधा आणि दोरीवरून गोळा टाकायला सांगा, आठवड्यात फरक दिसतो. 35 च्या पुढे गेल्यावर मात्र अंश मोजत बसू नका.

4. गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा हात मागे नेऊन का फेकत नाहीत?

पहिलं कारण नियम. गोळा एकाच हाताने, खांद्यापासून, मानेला किंवा हनुवटीला लागून ठेवूनच सोडायचा. हात खाली आला किंवा खांद्याच्या रेषेमागे गेला की फाउल. मराठी नाव ‘गोळाफेक’ असलं तरी काम ढकलण्याचंच आहे.

नियम नसता तरी ते शहाणपणाचं ठरलं नसतं. पुरुषांचा 7.26 किलोचा गोळा म्हणजे सुमारे 45 क्रिकेट चेंडूंचं वजन. एवढं वजन हाताच्या टोकाला धरून फिरवलं तर कोपर आणि खांदा दोन्ही कामातून जातील. गोळा मानेजवळ असला की पाय, कंबर आणि पाठ यांचा जोर त्याच्या मागे सरळ उभा राहतो. चांगल्या गोळाफेकपटूच्या मानेवर चॉक पावडरचा पांढरा डाग असतो आणि तळहात कोरडा असतो, कारण गोळा तळव्यावर नाही, बोटांच्या मुळाशी बसतो. नवशिक्याचा तळहात मळलेला दिसला की समजावं, गोळा तळव्यात बसलाय आणि मनगटाचा शेवटचा झटका वाया जातोय.

5. मागे तोंड करून उभं राहायचं, गिरकी घ्यायची, हे कशासाठी? सरळ उभं राहून फेकलं तर?

जोर तोच असेल तर तो जितक्या जास्त अंतरावर लावाल तितकी जास्त ऊर्जा वस्तूत जाते. गोळ्याच्या वर्तुळाचा व्यास फक्त 2.135 मीटर. तेवढ्या जागेत हे अंतर वाढवायचं कसं, हाच फेकपटूंचा शंभर वर्षांचा उद्योग. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने पाठ फेकीच्या दिशेला करून सुरुवात करायला घेतली, तीच ग्लाइड. पुढे थाळीसारखी गिरकी आली. 1976 मध्ये सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारीश्निकोव्हने गिरकी घेऊन 22.00 मीटरचा विश्वविक्रम केला तेव्हा ती गंभीरपणे घेतली जाऊ लागली. आज पुरुषांचा विश्वविक्रम गिरकीचाच आहे: रायन क्राउझर, 23.56 मीटर, 2023, लॉस एंजेलिस.

7.26 किलोच्या गोळ्याला सेकंदाला 14 मीटर वेग द्यायचा म्हणजे सुमारे 710 जूल ऊर्जा. 72 किलोचा माणूस एक मीटर वर उचलायला तेवढीच लागते, आणि यातला मोठा हिस्सा शेवटच्या ढकलण्यात, सेकंदाच्या छोट्याशा भागात द्यायचा असतो.

शाळकरी मुलांना मात्र गिरकीची घाई नको. तोल गेला तर मिळालेला वेग भलत्याच दिशेला जातो. आधी उभ्याने, मग ग्लाइड.

6. मुलगा बुटका आहे. त्याला गोळाफेक सोडायला सांगू का?

नका. उंचीचा थेट फायदा किती किरकोळ असतो ते प्रश्न 1 मध्ये आहे. उंच खेळाडूचा खरा फायदा लांब हातापायांचा, कारण जोर लावायला जास्त अंतर मिळतं. तो फायदा चपळाईने बराचसा भरून काढता येतो.

7. नीरज एवढा धावत येतो आणि शेवटी पाय ताठ करून गपकन थांबतो. धावण्याचा वेग वाया जात नाही का?

उलट, तिथेच तो वसूल होतो. एसटीत उभ्याने प्रवास केला असेल तर हे तुम्ही अनुभवलंय. चालकाने कचकन ब्रेक मारला की पाय गाडीबरोबर थांबतात आणि धड पुढे फेकलं जातं. उजव्या हाताचा भालाफेकपटू डावा पाय पुढे ताठ रोवतो तेव्हा तो स्वतःच्याच शरीराला ब्रेक मारत असतो. कंबर थांबते, खांदा पुढे उसळतो. खांदा मंदावतो, कोपर पुढे येतं, आणि सगळ्यात शेवटी हात. खालच्या जड भागाचा वेग वरच्या हलक्या भागाकडे सरकत जातो. धाव साधारण सेकंदाला 6 मीटरची असते, भाला सुटतो 28-30 मीटरने, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे.

पायाचा गुडघा त्या क्षणी वाकला तर ब्रेक ढिला. मंद गतीतलं चित्रण बघताना हाताकडे बघू नका, डाव्या गुडघ्याकडे बघा. टोकियोतल्या 87.58 मीटरच्या सुवर्णफेकीतही तेच बघण्यासारखं आहे.

8. भालाफेकीत कुणी शंभर मीटर पार केलेत का? विक्रम मागे कसा गेला?

केलेत. 20 जुलै 1984 रोजी पूर्व बर्लिनमध्ये उवे होनने 104.80 मीटर फेक केली. (हाच होन पुढे काही काळ नीरजचा प्रशिक्षक होता.) मैदानाच्या आत भाला मावेना अशी वेळ आली. शिवाय त्या काळचे भाले तरंगत जाऊन पोटावर आडवे पडायचे, त्यामुळे टोक आधी टेकलं की नाही यावर पंच आणि खेळाडूंचे वाद व्हायचे.

उपाय अगदी छोटा होता. 1986 मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटीमीटर पुढे, टोकाकडे सरकवला. उडत्या भाल्यावर हवेचा दाब एका ठरावीक बिंदूभोवती काम करतो. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे पडला की हवा शेपटी वर ढकलते आणि टोक खाली वळतं. भाला लवकर नाक खाली करतो, कमी तरंगतो आणि टोकावर पडतो. वजन तेच 800 ग्रॅम, पण अंतर घटलं आणि विक्रमांची पाटी कोरी झाली. महिलांच्या 600 ग्रॅमच्या भाल्यात असाच बदल 1999 मध्ये झाला.

मध्ये एक पळवाटही निघाली. काही भाल्यांची शेपटी खरबरीत केली की दाबाचा बिंदू पुन्हा अनुकूल होत होता. 1991 मध्ये त्यांवर बंदी आली आणि त्या भाल्यांचे विक्रमही रद्द झाले. फिनलंडच्या सेप्पो रातीची 96.96 मीटरची फेक त्यातच गेली. सध्याचा विक्रम यान झेलेझ्नीचा, 98.48 मीटर, 1996, येना (जर्मनी). नीरजने 2025 मध्ये दोह्यात 90.23 मीटर केले तेव्हा घरोघरी आनंद झाला. त्या आकड्याची तुलना 104.80 शी करायची नसते, ती दोन वेगळी हत्यारं आहेत.

9. वारा पाठीमागून आला तर फेक लांब जाणार ना?

गोळा आणि हातोड्याला (हा खरा हातोडा नव्हे, तारेच्या टोकाला बांधलेला धातूचा गोळा) वाऱ्याने फारसा फरक पडत नाही. हवेच्या विरोधामुळे 22 मीटरच्या गोळाफेकीत जेमतेम दहा-पंधरा सेंटीमीटर जातात.

थाळीचा हिशेब मात्र उलटा. थाळी हवेवर स्वार होते. तिच्या खालून-वरून हवा जितक्या वेगाने वाहील तितकी तिला उचल मिळते, म्हणून समोरून येणारा वारा तिला जास्त वेळ वर धरून ठेवतो. त्याने वेग थोडा मारला जातो, पण हिशेब नफ्याचाच राहतो. जाणकार थाळीफेकपटू वारा तोंडावर आला की खूश होतो. पाठीमागून आला तर थाळी दगडासारखी पडते.

लिथुएनियाच्या मिकोलास अलेक्नाने अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रमोना इथे 2024 मध्ये 74.35 आणि 2025 मध्ये 75.56 मीटर फेकून विश्वविक्रम केले. ते मैदान वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. 100 मीटर धावणं किंवा लांब उडीत पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. फेकींना अशी मर्यादाच नाही. हे न्याय्य आहे का? माझ्या मते थाळीसाठी तरी नाही.

10. थाळी फिरवत का सोडायची?

भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, थांबला की लोळतो. थाळीचंही तेच. फिरकीमुळे तिचा कल हवेत टिकतो, नाहीतर ती डगमगून उभी होते आणि हवा तिला खाली आणते. उजव्या हाताची थाळी शेवटी तर्जनीवरून सुटते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. काही थाळ्यांचं वजन काठाकडे जास्त असतं. त्यांना फिरकी द्यायला कष्ट पडतात, पण ती जास्त टिकते. नवशिक्याने मध्यभागी वजन असलेली घ्यावी.

11. महिलांचा थाळीफेकीचा विक्रम पुरुषांपेक्षा लांब आहे. आकडा चुकलाय का?

नाही. गाब्रिएले राइन्श, पूर्व जर्मनी, 1988, 76.80 मीटर. महिलांची थाळी 1 किलोची, पुरुषांची 2 किलोची.

12. हातोडा सोडला की तो बाहेरच्या बाजूला का उडत नाही?

हा प्रश्न बारावीची मुलंही चुकतात आणि ज्याने शेतात गोफण फिरवलीय तो कधीच चुकत नाही. ज्वारीवर बसलेल्या पाखरांवर दगड सोडताना गोफणीची दोरी पाखरांच्या दिशेला आली की सोडत नाहीत, त्याआधी पाव फेरा सोडतात. दोरी सुटली की दगड त्या क्षणी ज्या दिशेला चाललेला असतो त्याच दिशेला, स्पर्शिकेवर, सरळ निघतो. बाहेर ढकलणारं बल असतं असं वाटतं, कारण आपला हात ओढला जातो. खरं तर आपणच गोळ्याला आत ओढत असतो.

ती ओढ किती? 7.26 किलोचा हातोडा, सुमारे 1.8 मीटर त्रिज्या, सुटतानाचा वेग सेकंदाला 29 मीटर. बल येतं जवळपास 3400 न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलोचं वजन हातांना लटकल्यासारखं. म्हणून हातोडाफेकपटू मागे रेलून, बसल्यासारखे फिरतात. न रेलले तर हातोडाच त्यांना घेऊन जाईल.

त्या वेगात हातोडा सेकंदाला अडीच फेऱ्यांहून जास्त फिरतो. सेक्टरचे, म्हणजे फेक जिथे पडायला हवी त्या पाचरीसारख्या जागेचे, 35 अंश ओलांडायला त्याला चार शतांश सेकंदही लागत नाहीत. एवढ्याशा फटीत सोडायचं, नाहीतर तो वर्तुळाभोवतीच्या जाळीत. जाळीच्या मागे, बाजूला, कुठेही मुलांना घोळक्याने उभं राहू देऊ नका.

13. सेक्टरचा कोन 34.92 अंश असा विचित्र का? सरळ 35 का नाही?

मैदान आखणाऱ्याच्या सोयीसाठी. 34.92 अंश धरले की दोन्ही रेषांमधलं अंतर नेहमी त्रिज्येच्या 60 टक्के येतं. मध्यापासून 20 मीटरवर दोन खुणा करा, त्यांच्यात 12 मीटर ठेवा आणि फक्की मारा. कोनमापक लागत नाही. भाल्याचा कोन सुमारे 28.96 अंश, तिथे हेच प्रमाण 50 टक्के: 20 मीटरला 10 मीटर.

14. माप कुठून कुठपर्यंत घेतात? गोळा घरंगळत पुढे गेला तर?

वस्तूने जमिनीवर केलेल्या पहिल्या खुणेच्या जवळच्या कडेपासून. काळ्या मातीत गोळा वाटीएवढा खड्डा करून तिथेच बसतो. तापलेल्या मुरमावर तो उसळून दोन-तीन मीटर पुढे जातो आणि मुलं तिथे पाय रोवून उभी राहतात. तिथलं माप नाही. टेपचा शून्य खुणेवर, टेप वर्तुळाच्या मध्यावरून ओढायचा आणि आकडा वर्तुळाच्या आतल्या कडेवर वाचायचा. 10.437 आलं तर 10.43 लिहायचं, वर चढवायचं नाही. भाला मातीत रुतायलाच हवा असं नाही, टोक आधी टेकलं की पुरे.

15. मुलगा 5 किलोचा गोळा 14 मीटर टाकतो. 7.26 किलोचा किती जाईल?

सूत्र मागू नका, नेमकं सूत्र नाही. वजन दीडपट झालं म्हणून वेग त्या हिशेबाने कमी होत नाही, कारण गोळ्याबरोबर आपला हात आणि धडही हलवावं लागतं आणि त्यांचं वजन तेच राहतं. बळकट मुलाचं अंतर कमी घटतं, चपळ पण हलक्या मुलाचं जास्त. म्हणूनच 18 वर्षांखालील मुलांना 5 आणि 20 वर्षांखालील मुलांना 6 किलो अशी पायरी ठेवलीय.

16. उंचावरच्या ठिकाणी किंवा दुसऱ्या देशात अंतर बदलतं का?

थोडं. पृथ्वीची ओढ विषुववृत्ताकडे कमी, ध्रुवांकडे जास्त. पुणे आणि हेलसिंकी यांत फरक सुमारे 0.36 टक्के. अगदी तीच फेक असेल तर 80 मीटरचा हातोडा पुण्यात सुमारे 30 सेंटीमीटर पुढे पडेल. विक्रमात याची दुरुस्ती करत नाहीत. विरळ हवेत गोळ्याला किंचित फायदा होतो, थाळीला मात्र तोटा, कारण उचलणारी हवाच कमी (प्रश्न 9).

17. एका हाताला अपंगत्व असेल तर फेकीत काय बदलतं?

फेकणारा हात शाबूत असला तरी दुसरा हात बिनकामाचा नसतो. गिरकीत तो तोल सांभाळतो, आणि शेवटी छातीशी ओढून घेतला की फेकणारी बाजू झपाट्याने पुढे येते. ते काम मग खांदा आणि कंबरेकडून करून घ्यावं लागतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने एफ 46 गटात (हाताला अपंगत्व असलेल्यांचा गट) 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटरने रौप्य मिळवलं. त्याची फेक बघताना हे लक्षात ठेवून बघा. बसून फेकणाऱ्या गटांत पायांचा जोर जातो आणि सुटण्याची उंचीही कमी होते. दोन्हींत मोठा तोटा पहिल्याचा.

18. कोलांटी मारून किंवा थाळीसारखी गिरकी घेऊन भाला फेकला तर?

लांब जाईल, म्हणूनच बंदी आहे. 1956 मध्ये स्पेनच्या काही खेळाडूंनी हाताला साबण लावून, थाळीसारखी गिरकी घेत भाला सोडण्याची तऱ्हा काढली. भाला दूर जायचा, पण कुठे जाईल याची खात्री नव्हती. प्रेक्षकांच्या जिवावर बेतायला नको म्हणून नियम आला: भाला सुटेपर्यंत खेळाडूची पाठ फेकीच्या दिशेला पूर्ण वळता कामा नये. कोलांटी मारून फेकायला गोळाफेकीतही बंदी आहे.

19. सगळं वेगावर आहे म्हणता, मग तो मैदानावर मोजायचा कसा?

मोबाइल पुरतो. सेकंदाला 240 चित्रं घेणारं स्लो मोशन लावा, फोन फेकीच्या रेषेला काटकोनात, सात-आठ मीटर लांब, तिवईवर ठेवा. खेळाडूच्या अगदी शेजारी, त्याच रेषेत, एक मीटरची पट्टी उभी धरायला सांगा आणि तिचं चित्रण करून घ्या. गोळा हात सोडल्यापासून 24 चित्रं मोजा, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग झाला. तेवढ्यात गोळा पडद्यावर किती सरकला ते पट्टीच्या मापाने काढा. 90 सेंटीमीटर आले तर वेग सेकंदाला 9 मीटर. पट्टी फोनच्या जवळ धरली तर माप फसतं, आणि ती चौकटीत ठेवायची विसरलात तर काहीच हाती लागत नाही. माझे दोन शनिवार त्यातच गेले.